लाँग मेलफर्डचें देऊळ आणि रॉजर मार्टिनची साक्ष

एखादें देऊळ कोणीं बांधलें, असें विचारलें असतां बहुधा कोणा धर्मगुरूचें किंवा बिशपांचें नांव सांगण्यांत येतें, आणि कोनशिलेवरही तेंच कोरलेलें असतें. ज्या कुटुंबांनीं पैका दिला, ज्यांनीं दगड वाहिले, त्यांचीं नांवें दोन पिढ्यांत विसरलीं जातात. इंग्लंडच्या पूर्व भागांत सफक परगण्यामध्यें लाँग मेलफर्ड नांवाचें गांव आहे. तेथील पवित्र त्रैक्याच्या देवळाची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्यांच्या पैक्यानें तें उभें राहिलें, त्यांचीं नांवें देवळाच्या बाहेरील भिंतींवर मोठ्या अक्षरांत जडविलेलीं असून त्यांच्याबरोबर वाटसरूस एक विनंती केलेली आहे, कीं बाबा, या आत्म्यांसाठीं प्रार्थना कर. पांचशें वर्षें लोटलीं, तरी ती विनंती तेथें आहे. परदेशांतील एका धर्मग्रामाचा हा वृत्तांत ज्युबिलीच्या अंकांत वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

मेलफर्ड हें स्टूर नदीच्या खोऱ्यांत, सडबरी शहराच्या उत्तरेस तीन मैलांवर वसलेलें आहे. एकाच लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांस घरें असल्यामुळें त्याला 'लाँग', म्हणजे लांब, हें विशेषण चिकटलें. मध्ययुगांत गांवची जहागीर व देवळावरील हक्क बरी सेंट एडमंड्स येथील बेनेदिक्तीन मठाकडे होते. हा मठ गांवापासून सुमारें 14 मैल दूर. परंतु पंधराव्या शतकांत गांवाला जी भरभराट आली, ती मठामुळें नव्हे, तर कापडामुळें. येथील व्यापारी लोंकर विकत घेत, ती सूत काढणाऱ्या बायकांकडे व विणकरांकडे घरोघर देत, आणि तयार झालेला माल दूरवर विकीत. या धंद्यांतून जो पैका आला, त्याचा मोठा भाग 1467 ते 1497 या तीस वर्षांत देवळाच्या पुनर्बांधणीस लागला. जुनें देऊळ सर्वस्वीं पाडलें गेलें नाहीं. पश्चिमेकडील पांच कमानी त्याच जुन्या इमारतींतील असून पुढील चार नव्या जोडलेल्या आहेत, असें जाणते लोक मानतात.

सफकमध्यें बांधकामास योग्य असा दगड निघत नाहीं. जमिनीखालीं खडूचे थर आहेत, आणि त्या थरांत सांपडते ती केवळ चकमकीची गार. बाहेरून पांढरट, ओबडधोबड, परंतु फोडली असतां आंतून काळीशार व कांचेसारखी गुळगुळीत. अशा गारेला कोन नाहीं, तिचा चिरा घडत नाहीं. तेथील गवंड्यांनीं या उणीवेचेंच भूषण केलें. दूरवरून आणविलेल्या चुनखडीच्या फिक्या दगडांत त्यांनीं नक्षीच्या व अक्षरांच्या आकृती कोरल्या, आणि मधल्या जागेंत फोडलेल्या गारा इतक्या सफाईनें बसविल्या कीं दोन्हींचा पृष्ठभाग एकसारखा लागतो. काळ्यावर पांढरें असें हें काम पाऊस पडून गेल्यावर उन्हांत चमकतें. आपल्याकडील काळ्या बेसाल्टाच्या भिंती पाहणाऱ्यांस त्याची थोडीफार कल्पना करतां येईल. पण येथें भिंत ही एक लिहिलेली पाटीच झालेली आहे.

आंत गेल्यावर पहिल्यानें मनांत भरतो तो उजेड. मधलें दालन व वेदीकडील भाग मिळून लांबी दीडशें फुटांच्या वर आहे. प्रत्येक बाजूस नऊ कमानी, आणि त्यांच्यावर भिंतींत खिडक्यांची अखंड रांग, एका बाजूस 18 व दुसऱ्या बाजूस 18. खांब बारीक, भिंती पातळ; छप्पर जणूं कांचेवरच तोललेलें आहे. या साऱ्या खिडक्या एके काळीं रंगीत चित्रांनीं भरलेल्या होत्या. आज त्यांतील थोडींच चित्रें उरलीं असून तीं गोळा करून मुख्यतः उत्तरेकडील दालनांत लावलेलीं आहेत. त्यांत बरीचशीं हात जोडून गुडघे टेकलेल्या उपकारकर्त्यांचीं आहेत. एका लहानशा वर्तुळांत तीन ससे धांवत आहेत. कान तीनच, पण प्रत्येक सशाला दोन दिसतात. देऊळ पवित्र त्रैक्याचें असल्यामुळें हें त्या रहस्याचें चिन्ह मानण्याची तेथें चाल आहे. दुसरें चित्र याहून दुर्मिळ आहे. त्यांत ख्रिस्त लांकडी क्रुसावर नव्हे, तर लिलीच्या फुलझाडावर खिळलेला आहे. देवदूतानें मरियेस निरोप आणला तो दिवस आणि ख्रिस्ताचा मरणदिवस एकच, म्हणजे 25 मार्च, अशी जुनी समजूत होती; निरोपाच्या चित्रांतील लिली व वधस्तंभ यांचा मेळ चित्रकारानें तिच्यावरून घातला. अशीं चित्रें इंग्लंडांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आहेत.

हें लिलीचें चित्र ज्या लहान प्रार्थनालयांत आहे, तें जॉन क्लॉप्टन यानें बांधविलें. केंटवेल येथील हा धनाढ्य गृहस्थ या सर्व कामाचा पुढारी होता. लँकास्टर व यॉर्क या दोन राजघराण्यांच्या भांडणांत तो हरलेल्या पक्षाचा. 1462 मध्यें ऑक्सफर्डचा अर्ल, त्याचा वडील मुलगा व क्लॉप्टन यांस राजद्रोहाच्या आरोपाखालीं पकडण्यांत आलें. बापलेकांचीं डोकीं उडविलीं गेलीं, क्लॉप्टन सुटला. त्यानंतर तो पस्तीस वर्षें जगला आणि 1497 मध्यें वारला. ज्या मरणांतून तो निसटला, त्याचा विचार या दगडांत किती आहे हें सांगणें अवघड. परंतु आपलें थडगें त्यानें कोठें व कसें बांधविलें तें पाहण्यासारखें आहे. मुख्य वेदीच्या उत्तरेस, वेदी व त्याचें प्रार्थनालय यांच्यामधील भिंतींत, वर उघडी कमान ठेवून ही समाधि बांधलेली आहे. कमानीच्या आंतल्या बाजूस पुनरुत्थित ख्रिस्ताचें चित्र आहे. पवित्र आठवड्यांत याच जागीं ख्रिस्ताची कबर सजविली जात असे. शुभ शुक्रवारीं क्रूस व पवित्र साक्रामेंत तींत ठेवून पुनरुत्थानाच्या पहांटेपर्यंत लोक जागरण करीत. सबंध गांव दरवर्षीं आपल्या हाडांवर गुडघे टेकील अशी व्यवस्था क्लॉप्टननें करून ठेविली होती. प्रार्थनालयाच्या भिंतीवर, छपराच्या खालीं, बरीच्या मठांतील कवि जॉन लिडगेट याच्या कविता रंगविलेल्या पट्टीवर लिहिलेल्या आहेत.

बाहेरील एका लॅटिन लेखांत असें म्हटलें आहे कीं, हें सर्व मीं स्तुति मिळावी म्हणून केलेलें नाहीं, ख्रिस्त याला साक्षी असो. ज्यानें आपलें नांव एवढ्या मोठ्या अक्षरांत भिंतीवर घातलें त्यानें असें म्हणावें, याचें कोणास हंसू येईल. परंतु त्या काळच्या लोकांच्या मनांत शुद्धिस्थानाची जाणीव किती जागती होती हें लक्षांत घेतलें म्हणजे हा लेख ढोंगाचा वाटत नाहीं. नांव कळल्याशिवाय प्रार्थना कोणासाठीं करावयाची? आणि हीं नांवें केवळ बड्यांचींच नाहींत. रॉजर मोरिएल आहे, त्याच्या दोन बायका आहेत, कापडवाला लॉरेन्स मार्टिन व त्याची बायको मॅरियन आहेत; इतकेंच नव्हे, तर 1496 च्या मरियेच्या प्रार्थनालयावर क्लॉप्टनचा बटलर रिचर्ड लव्हडे याचेंही नांव धन्याच्या नांवाशेजारीं आहे. धनी व चाकर एकाच ओळींत भिक्षा मागत उभे आहेत.

या लॉरेन्स मार्टिनच्या वंशांत 1527 च्या सुमारास रॉजर मार्टिन जन्मला. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्यानें हें देऊळ भरलेलें पाहिलें. पुढें तें रिकामें होतांनाही त्यानेंच पाहिलें. आणि उतारवयांत, आपल्यामागें कोणास ठाऊकही राहणार नाहीं या भीतीनें, आठवेल तें सारें कागदावर उतरून ठेविलें. इंग्लंडांत मध्ययुगीन देवळें हजारों आहेत, परंतु त्यांच्या आंत काय होतें हें डोळ्यांनीं पाहिलेल्या मनुष्यानें सांगितलें आहे अशीं फार थोडीं. म्हणून या कागदाची किंमत दगडाहूनही अधिक होय.

तो सांगतो तें थोडक्यांत असें. मुख्य वेदीच्या मागें एका अजस्र झाडाच्या खोडांतून कोरलेला कालव्हारी डोंगर होता. त्यावर तलवारी घेतलेले घोडेस्वार व पायदळ यांसह ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा सर्व देखावा सोनेरी मुलाम्यानें मढविलेला. धूळ बसूं नये म्हणून त्याला चित्रें काढलेलीं फळ्यांचीं दारें होतीं, आणि तीं मोठ्या सणांनाच उघडत. वेदीच्या दोन्ही बाजूंस छपरापर्यंत पोंचणारीं सोनेरी मखरें. उत्तरेकडील मखरांत पवित्र त्रैक्याची मोठी मूर्ति. देवळाच्या सबंध रुंदीभर क्रुसाचा सज्जा गेलेला. त्यावर खिळलेला ख्रिस्त, एका बाजूस मरिया व दुसऱ्या बाजूस योहान, आणि जवळच ऑर्गन. सज्ज्याच्या लोकांकडील बाजूस बारा फळ्यांवर बारा प्रेषित. छपराला सोनेरी तारे. शुभ शुक्रवारीं धर्मगुरू त्या क्रुसापाशीं उभे राहून दुःखसहनाचा वृत्तांत गात.

मार्टिन घराण्याचें दालन येशूच्या नांवाचें होतें. तेथील वेदीजवळ दोन मूर्ती होत्या. एक येशूची, हातांत गोळा धरलेली. हा गोळा म्हणजे सारें जग त्याच्या हातीं आहे असें सुचविण्यासाठीं असावा, असें तो म्हणतो. दुसरी मरियेची; क्रुसावरून उतरविलेला मुलगा तिच्या मांडीवर आडवा, आणि तिच्या गालांवरून ओघळणारे अश्रू जणूं त्याच्या देहावर पडत आहेत. एरवीं मोजून मापून लिहिणारा हा म्हातारा या मूर्तीजवळ येतांच त्याचें वाक्य लांबतें, विशेषणांवर विशेषणें येतात. आणि लगेच दुसऱ्या ठिकाणीं तो पुनः कारभारी बनतो. वस्त्रांच्या खोलींत एक मोठें कपाट होतें, त्यांत धर्मगुरूंचे भरजरी झगे घडी न घालतां, चुरगळूं न देतां, एकमेकांपासून बेताच्या अंतरावर टांगण्याची सोय होती, हेंही त्याला नमूद करावेंसें वाटलें.

देवळाबाहेरील वृत्तांतही तितकाच सुरेख आहे. झावळ्यांच्या रविवारीं चार शेतकऱ्यांनीं धरलेल्या छत्राखालून पवित्र साक्रामेंत देवळाच्या आवाराभोंवतीं निघे. लोकांची मिरवणूक पश्चिमेकडून व साक्रामेंत पूर्वेकडून. दोन्हीं समोरासमोर येण्याच्या सुमारास क्लॉप्टनच्या दालनाच्या दारावरील मनोऱ्यावर एक मुलगा संदेष्ट्याच्या वेषांत उभा राही आणि हातांतील वस्तूनें बोट दाखविल्यासारखें करून, पाहा तुझा राजा येत आहे, अशा अर्थाचें लॅटिन गीत म्हणे. सर्व लोक गुडघे टेकीत, मग उठून सामोरे जात, आणि गात गात एकत्र देवळांत शिरत. दाराशीं मुलांच्या घोळक्यांत फुलें व पातळ पोळ्या उधळण्यांत येत. पुनरुत्थानानंतर, येशूच्या स्वर्गारोहणाच्या आधींचे तीन दिवस गांवच्या शिवेवरून मिरवणूक निघे, सोमवारीं एका वाटेनें, मंगळवारीं दुसऱ्या, बुधवारीं तिसऱ्या. पाऊस हवा असेल तर पावसासाठीं, उघाड हवी असेल तर उघाडीसाठीं प्रार्थना होई, आणि वाटेंत कोणाच्या घरीं काय खावयास मिळे तेंही मार्टिन विसरलेला नाहीं. संत योहान, संत पेत्र व पौल, संत थॉमस यांच्या सणांच्या आदल्या रात्रीं त्याच्या आजोबांच्या दारापुढें होळी पेटे. गरिबांस बिअर व भाकरी मिळे. संत थॉमसच्या रात्रीं मटण भरलेले लांब पाव व वाटाण्याच्या शेंगाही असत. गरीब शेजाऱ्यांतील कांहीं जणांस आजोबा आपल्या पंक्तीस बसवीत. घराच्या दालनांत संत योहानाच्या मूर्तीपुढें पिवळ्या व हिरव्या मेणाच्या गोळ्यांसह मेणबत्त्या लागत; त्या विझविल्यावर मध्यभागीं फरशीवर एकच मेणबत्ती रात्रभर तेवत असे.

यांतील पहिली होळी विझली ती संत थॉमसची. 1538 मध्यें आठव्या हेन्रीनें कँटरबरीच्या त्या हुतात्म्यास संतपदावरून काढून टाकण्याचें फर्मान काढलें आणि प्रार्थनेच्या ग्रंथांतून त्याचें नांव खोडावयास लावलें. रॉजर तेव्हां दहा-अकरा वर्षांचा होता. पुढील वर्षीं, 1539 च्या नोव्हेंबरांत, बरीचा मठ बंद झाला. हेन्रीनंतर त्याचा लहान मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि मग वेग वाढला. 1547 मध्यें मृतांसाठीं मिस्सा करण्याकरितां ठेवलेल्या देणग्या सरकारजमा करण्याचा कायदा झाला. म्हणजे भिंतीवरील नांवांनीं ज्या प्रार्थना पैसे देऊन ठेविल्या होत्या त्या थांबल्या. 1548 च्या आरंभीं मेणबत्त्या, राख व झावळ्या बंद, आणि लगेच सर्व मूर्ती काढण्याचा हुकूम. 1549 च्या पेन्तेकोस्तापासून लॅटिन मिस्सा बेकायदा. मेरी राणीच्या कारकीर्दींत, 1553 ते 1558 या पांच वर्षांत, जुनें पुष्कळसें परत आलें. वेदीमागील त्या रंगीत फळ्या पुनः बसविल्या, असें मार्टिन सांगतो. पण एलिझाबेथ आली आणि सर्व पुनः उतरलें. क्रुसाचा सज्जा गेला, सोनेरी डोंगर गेला. एकच देऊळ बारा वर्षांत दोनदां रिकामें झालें. हें काम करणारे कोणी परके शिपाई नव्हते; हुकूम लंडनचा असला तरी शिडी लावणारे व वेतन घेणारे हात गांवांतलेच होते. कोणास नव्या मताची खरी गोडी, कोणास दंडाची भीति, कोणास दोन पैसे. त्यांस एका शब्दांत दोषी ठरविणें सोपें आहे, आणि म्हणूनच तें टाळलेलें बरें.

मार्टिननें मात्र नव्या उपासनेस जाण्याचें नाकारलें. 1559 च्या कायद्यानें गैरहजेरीस दर रविवारीं 12 पेन्स दंड होता. 1581 मध्यें तो महिन्यास 20 पौंड झाला, आणि हा आंकडा बऱ्या कुळांसही बुडविणारा होता. ज्या देवळांत त्याच्या पूर्वजांचीं नांवें भिंतीवर होतीं, त्याच देवळांत न जाणें ही त्याची निष्ठा ठरली.

येथें आपल्या वाचकांस एका ओळखीच्या पुरुषाची आठवण व्हावी. विल्टशर परगण्यांत 1549 च्या सुमारास, म्हणजे इंग्लंडांत लॅटिन मिस्सा बंद झाली त्या वेळीं, जन्मलेला थॉमस स्टीफन्स यानें देश सोडला, रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला आणि 1579 च्या ऑक्टोबरांत तो गोव्यास उतरला. तोच 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा आमचा फादर स्टीफन्स. मार्टिन 1615 मध्यें वारला. पुराण 1616 मध्यें राचोल येथें छापलें गेलें. दोघांची गांठ पडल्याचें कोठें नमूद नाहीं, आणि तसा संभवही नाहीं. पण एकाच वादळानें एकाला आपल्या घरांत कोंडलें व दुसऱ्याला आमच्या किनाऱ्यावर आणून सोडलें. एकानें गेलेल्या गोष्टी इंग्रजींत लिहून ठेविल्या. दुसऱ्यानें त्याच गोष्टी नव्या भाषेंत ओव्या करून गाइल्या.

मार्टिनच्या लेखांतील एक लकब वाचकाच्या मनांत घर करते. जेथें पूर्ण खात्री नाहीं तेथें तो 'मला वाटतें' असें घालतो. ते प्रार्थनालय संत आन्नेचें होतें, मला वाटतें. तो मुलगा म्हणजे संदेष्टा, मला वाटतें. विरोधकांस उत्तर देण्यासाठीं लिहिणारा मनुष्य असें लिहीत नाहीं. आणि भविष्यकाळ तो एकाच ठिकाणीं वापरतो. येशूच्या वेदीमागें दोन चोरांसह क्रुसावरील ख्रिस्ताचें एक कोरीव काम होतें. तें त्यानें आपल्या घरीं आणून ठेविलें होतें. तें जीर्ण झालें आहे, पण माझे वारस तें दुरुस्त करून एक दिवस देवळांत परत ठेवतील, अशी त्याला आशा होती.

तें परत गेलें नाहीं. 1642 मध्यें यादवी युद्धाच्या तोंडावर जमावानें मेलफर्ड हॉल लुटला, कारण तेथें राहणारी रिव्हर्सची काउंटेस कॅथलिक होती. मरियेचें प्रार्थनालय, जें मुख्य देवळाच्या पूर्वेस तीन शिखरांच्या छपराखालीं असून ज्याच्या आंतील गाभाऱ्याभोंवतीं मिरवणुकीसाठीं फिरती वाट आहे, तें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गांवची शाळा झालें; पूर्वेकडील भिंतीवर मुलांच्या पाढ्यांचा तक्ता अजून दिसतो. मनोरा 1710 च्या सुमारास वीज पडून कोसळला. त्या जागीं विटांचा एक साधा मनोरा बांधला गेला, पण देवळाला तो शोभेना. शेवटीं व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या ज्युबिलीचें स्मारक म्हणून शिल्पकार बॉडली यानें 1898 ते 1903 या काळांत त्याच्यावर गार व दगड यांचें नवें कवच चढविलें. आज दुरून दिसतो तो हाच. आंत विटा तशाच आहेत.

अठराव्या शतकांत वेदीकडील भागाची फरशी उकरली असतां खालीं अलाबास्टर नांवाच्या मऊ पांढऱ्या दगडाचा एक कोरीव तक्ता सांपडला. तो चौदाव्या शतकांतील, बहुधा एखाद्या वेदीचा असून, मूर्ती फोडल्या जात होत्या त्या वर्षांत कोणीतरी तो जपून पुरला असावा. सध्यां तो उत्तरेकडील दालनाच्या भिंतींत बसविलेला आहे. तीन राजे बाळ येशूस भेटी आणीत आहेत; मरिया बिछान्यावर टेकून बसली आहे, पाठीमागें सुईण तिची उशी नीट करीत आहे, आणि बिछान्याखालून बैल व गाढव माना बाहेर काढून पाहत आहेत.